युवराजाच्या आईची मोहर

नेता खचू नये म्हणून हल्ली कंपन्यांमध्ये वर्ग भरतात. धीर हा ज्याचा त्याने आपल्या आत कमवायचा गुण आहे, हे तिथले गृहीत. रामटेकच्या इतिहासातली प्रभावतीगुप्ता या गृहीतात बसत नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. चौथ्या शतकाच्या अखेरीस नवरा गेला तेव्हा मुले लहान होती. रामटेकलगतच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, तिने राज्य चालवले. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावर वर्ष 13 आहे आणि तिचा मुलगा दिवाकरसेन तेव्हाही युवराजच आहे. पुढच्या, रिद्धपूरच्या ताम्रपटात ती दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणून येते. दिवाकरसेनाचे नाव तिथे नाही. तो गादीवर बसण्याआधीच वारला असावा.

हे सगळे तिने कशाच्या आधारावर पेलले? तिच्या मनात शिरणे आपल्याला शक्य नाही, पण ताम्रपट बोलके आहेत. पुण्याच्या ताम्रपटाच्या मोहरेवर ती स्वतःला राजा म्हणवत नाही. हे शासन युवराजाच्या आईचे, एवढेच सांगते. अधिकाराची हद्द आधीच आखलेली असल्याने रोज नव्याने हक्क सिद्ध करत बसण्याची गरज उरली नाही. वंशावळ मात्र ती माहेरची, गुप्तांची देते. सासरच्या घरात एकटी पडलेल्या बाईला हा भक्कम टेकू होता. आणि पुण्याचे दान कार्तिक शुद्ध द्वादशीला भगवंताच्या चरणी अर्पण करून दिलेले, तर रिद्धपूरचे थेट रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या डोंगरावरच्या देवाच्या, पायाशी. पद, कूळ, तिथी, डोंगर: चारही गोष्टी तिच्याबाहेरच्या. तिचा धीर त्यांच्यावर उभा होता, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, खरा कारभार बापाच्या माणसांनी पाहिला, बाई नावापुरती. सुरुवातीच्या वर्षांत गुप्तांचा हात असेलही. पण रिद्धपूरचा ताम्रपट प्रवरसेनाच्या 19व्या वर्षाचा आहे; प्रचलित कालगणनेनुसार चंद्रगुप्त तोवर हयात नव्हता आणि मुलगा स्वतः राजा होता, तरी ती स्वतःच्या नावाने दान देतेच. ताम्रपटांची भाषा ठोकळेबाज असते, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. तिने शंभरी ओलांडल्याचा रिद्धपूरच्या ताम्रपटातला उल्लेख मीही अक्षरशः घेणार नाही. मात्र स्तुती ठरावीक असली तरी दान कुठून आणि कोणाच्या अधिकाराने द्यायचे ही निवड होती. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्राही मिळाली आहे. रामटेकवरच्या केवल नरसिंह मंदिरातला शिलालेख फार झिजला आहे, पण त्यात प्रभावतीस्वामी हे देवाचे नाव वाचता येते. आईच्या पुण्यासाठी तिच्या लेकरांनी ते देऊळ बांधले, असा त्याचा अर्थ लावतात.