माळरानाची सिंफनी

वॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराची सातवी सिंफनी, 'सिंफोनिया अंटार्टिका', ऐकली आहे का? वाद्यवृंदात चक्क वाऱ्याचा आवाज काढणारं यंत्र, ऑर्गन आणि शब्दांवाचून गाणाऱ्या बायका! गंमत म्हणजे हे मूळचं कॅप्टन स्कॉटवरच्या १९४८ च्या सिनेमाचं संगीत. त्यातून सिंफनी घडली आणि १९५३ साली मँचेस्टरला प्रथम वाजली. आता ती ऐकायला सिनेमा बघावा लागत नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना यावरून 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आठवणारच. शांतारामबापू इथलेच, आणि संगीतकार वसंत देसाई त्यांच्या 'प्रभात'मध्ये तयार झालेले. कथा माणदेशच्या गदिमांची. तिच्यामागे होती स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत, औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ वसवलेली. पावसाला पारखा, दुष्काळी मुलूख. सिनेमातही सहा खुनी कैदी उजाड जमीन कसतात. त्यामुळे ढगांचं गाणं येतं तेव्हा ते नुसतं गाणं राहत नाही. पाऊस पडला तरच पीक, आणि पीक आलं तरच माणसं सुधारण्याचा प्रयोग खरा ठरणार!

त्यातली प्रार्थना शाळाशाळांत पोचली. वाद्यांचं काम मात्र पडद्यामागेच राहिलं. शब्द नसले की ते संगीत आपण 'पार्श्व' समजतो, वेगळं काढून कुणी वाजवत नाही. असो. पुढच्या वेळी हा सिनेमा लागला, तर दोन गाण्यांच्या मधलंही ऐका. आपल्या माळाची सिंफनी कदाचित तिथेच सापडेल.