‘रामदास’ बोट आणि मदतीची तयारी



गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रस्ते धड नव्हते, तेव्हा त्यांची गावाकडची वाट समुद्रातूनच जाई. म्हणून ‘रामदास’ बोटीचं नाव निघालं, की अजूनही जुन्या घरांतून कुणीतरी उसासा टाकतं.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. माणसं सातशेच्या घरात. त्यांत गिरगाव-परळची पुष्कळ. बोट काही जुनीपुराणी नव्हती. १९३६ साली विलायतेत बांधलेली, अवघी अकरा वर्षांची. पण काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट तिच्या अंगावर आदळली. भेदरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेंच्या वर माणसं गेली.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी. मुंबई बंदर काही फार दूर नव्हतं. बंदरात जहाजं होती, खलाशी होते. मग कुणी धावलं का नाही? तर कुणाला ठाऊकच नव्हतं! ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हतं. दुपार उलटून गेली, तरी शहर आपल्या कामात होतं. एक लहान मुलगा तरंगत तरंगत किनाऱ्याला लागला, तेव्हा कुठे बातमी फुटली. मदत मिळाली ती रेवसच्या कोळ्यांची. मासळी घेऊन ते मुंबईकडे येत होते. त्यांनी मासळी समुद्रात लोटून दिली आणि सुमारे ७५ जणांना होड्यांत ओढून घेतलं. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता.

याच्याशी ताडून पाहावी अशी एक हकिगत १९१२ सालची आहे. ‘टायटॅनिक’ बुडत असताना तिची बिनतारी हाक ‘कार्पेथिया’ या जहाजानं ऐकली. अंतर ५८ मैलांचं. कप्तान रॉस्ट्रन यानं आधी जहाज वळवलं आणि वाटेतच सगळी तयारी केली. प्रवाशांची ऊब बंद करून ती वाफ यंत्राकडे दिली, जादा आगवाले भट्टीवर बोलावले. टेहळणीला माणसं वाढवली. होड्या बाहेर काढून ठेवल्या, शिड्या सोडल्या, लहान पोरांना वर घेण्यासाठी कापडी पिशव्या बांधल्या. कुठला डॉक्टर कुठल्या दालनात बसेल, हेही ठरलं. घोंगड्या, सूप, कॉफी तयार. सातशेंवर माणसं वाचली. याहून जवळ दुसरं एक जहाज उभं होतं. पण त्याचा बिनतारीवाला झोपी गेला होता!

म्हणजे मदतीला मन लागतं, हात लागतात. पण त्याआधी हाक पोचावी लागते, आणि ती ऐकणारा जागा असावा लागतो. ‘रामदास’च्या चौकशीनंतर प्रवासी बोटींवर बिनतारी यंत्र असलंच पाहिजे, हे मान्य झालं. १९७८ च्या कायद्यानं भारतीय तटरक्षक दल रीतसर उभं राहिलं, आणि आज मुंबईत त्याचं बचाव-केंद्र रात्रंदिवस कान देऊन असतं. समुद्रातल्या संकटासाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

तरी एवढ्यानं भागत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. मदत लवकर पोचली आणि पुष्कळ माणसं वाचली; पण १५ जण दगावले. अनेकांच्या अंगावर तरंगतं जाकीट नव्हतं.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, सहलीला मुलांना बोटीत नेताना आधी जाकिटं मोजून घ्या. मुलांच्या अंगात ती नीट बांधा. तांडेल माणसं जास्त भरू लागला, तर सरळ खाली उतरा. कप्तानाची तयारी कप्तान करील. पण धक्क्यावरची तयारी आपली आपणच करायची आहे.