शाकुंतल : वाचलेले आणि पाहिलेले

कालिदासाचे शाकुंतल मराठीत दोन वाटांनी आले. पहिली वाट मुद्रणालयाची. परशुरामपंत गोडबोले ह्यांचे भाषांतर १८६१ मध्ये व कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांचे १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी वाट रंगभूमीची. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. ह्या दोन्ही वाटांनी मराठी रसिकास एकच नाटक लाभले काय, हा प्रश्न नाट्येतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

भाषांतराच्या वाचकापुढे सातही अंक होते. पाचव्या अंकातील प्रत्याख्यान वाचीत असता पाने मागे उलटून शापाचे शब्द पुन्हा पाहण्याची त्यास मुभा होती. पहिल्या प्रयोगात मात्र चारच अंक सादर झाले. चौथ्याच्या आरंभी दुर्वासाचा शाप होतो आणि अखेरीस कण्व कन्येची पाठवणी करितो. तेथेच तो प्रयोग संपला. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात शापही नाही आणि मुद्रिकाही नाही. सबब, ज्यास केवळ ती पुराणकथा ठाऊक होती, अशा प्रेक्षकास शापाचे फळ काय झाले हे त्या रात्री कळणे शक्य नव्हते. वाचकाचे शाकुंतल विस्मरणाचे व पुनर्मीलनाचे नाटक होते. त्या रात्रीचे शाकुंतल कन्यावियोगाचे होते. पुढे उरलेले अंकही रंगभूमीवर आले, तरी पहिल्या प्रयोगाचे हे वेगळेपण नोंदविणे अवश्य आहे.

दुसरा भेद कालमानाचा. पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेस त्रास देतो, ती रंगसूचना वाचकाच्या दृष्टीखालून क्षणात सरते. नटास मात्र ती अंगविक्षेपांनी पुरी करावी लागते. उलटपक्षी, मूळ श्लोकांच्या जागी किर्लोस्करांनी पदे, साक्या व दिंड्या योजिल्या आणि त्या पात्रांच्याच मुखी घातल्या. श्लोकाचा अर्थ वाचकास आपल्या गतीने उलगडतो. पदाचा अर्थ गायकाच्या गतीने उलगडतो.

किर्लोस्करांची संहिता आज उपलब्ध आहे. तीत पदांचे शब्द आहेत, स्वर नाहीत. १८८२ मध्ये मंडळीत येऊन शकुंतलेच्या भूमिकेने गाजलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले आणि भारतात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय १९०२ मध्ये सुरू झाला. एका वर्षाच्या अंतराने तो आवाज इतिहासास अंतरला.

ह्यावरून वाचन गौण ठरते असे नव्हे. प्रयोगाने जे गाळिले ते संहितेवाचून कळत नाही आणि संहितेत जे मावले नाही त्याचा माग तत्कालीन आठवणींतून व वृत्तांतांतूनच काढावा लागतो. प्रकाशनवर्षांची यादी म्हणजे नाट्येतिहास, असे मानणारा अभ्यासक शाकुंतलाचा मराठी प्रवास १८६१ पासून मोजील. तो चुकीचा नसेल, परंतु अर्धाच असेल.