घागर आणि नळ

वाशीमहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या कांठच्या मुलखांत, कनेरगाव नाका हें गांव लागतें. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हां पैनगंगा ही वऱ्हाड व निजामाचें राज्य ह्यांमधील सीमा झाली. आणि सीमा म्हटली कीं नाका व जकात हीं आलींच. नाक्यावर मालाची मोजदाद होई. पाण्याचा हिशेब मात्र घराच्या उंबऱ्याआंत ठेवला जाई, आणि तो ठेवणारी घरची स्त्री असे.

तो हिशेब घागरींचा होता. रांजणांत किती, न्हाणींत किती, गुरांस किती, हें तिला तोंडपाठ असे. भाजी धुतलेलें पाणी गुरांस जाई, न्हाणींतलें अळवास वा केळीच्या बुंध्यास. ह्या काटकसरीस आपण आज संस्कृति म्हणून गौरवितों. परंतु आमच्या मतें तिच्या मुळाशीं तत्त्वज्ञानापेक्षां ओझें अधिक होतें. पंधरा लिटरांच्या घागरींत पंधरा किलो पाणी असतें. तें नदीहून वा आडावरून जिनें वाहून आणलें, तिला पाणी सांडण्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं. नळानें तें ओझें उतरविलें. हा मोठाच उपकार होय, व जुन्या काळासाठीं हळहळणारे आम्ही नव्हे. परंतु ओझ्याबरोबर हिशेबही गेला.

तो गेलेला परवडेल अशी आपली स्थिति नाहीं. पृथ्वीवरील पाण्यापैकीं सुमारें ९७.५ टक्के खारें आहे. उरलेल्या गोड्या पाण्याचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग बर्फाच्या रूपानें गोठलेला आहे. त्यांत मराठवाड्याच्या बहुतेक भूमीखालीं काळा कातळ. पावसाचें पाणी त्याच्या भेगांत व वरच्या मुरमांत राहील तेवढेंच. आणि चार महिन्यांच्या ह्या पुंजीवर पुढले आठ महिने काढावयाचे.

ही पुंजी सरली म्हणजे काय होतें, तें लातूरनें २०१६ सालीं पाहिलें. मांजरा धरण कोरडें पडलें, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी तेथें पोंचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. आंकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे सबंध आगगाडी आली ती माणशी सव्वा लिटराच्या आसपास, एका तांब्याएवढें पाणी घेऊन!

कोणी म्हणतील, पाण्याचा मोठा वांटा शेती घेते. घरच्या बादलीनें काय वांचणार? आक्षेप खोटा नाहीं. पिकांची निवड व कालव्यांची व्यवस्था हे प्रश्न घरांत सुटावयाचे नाहींत. परंतु चैत्र-वैशाखांत गांवाच्या आडांत व शहराच्या तलावांत जें उरतें, तें पिण्यासाठींच राखलेलें असतें. आणि पौष-माघांत आपण जें सांडूं, तें त्यांतूनच वजा होतें. नळ आटला कीं घागर पुन्हां निघते, आणि ती बहुधा घरच्या स्त्रीच्याच डोक्यावर चढते.

म्हणून हा हिशेब पुन्हां मांडावा. मात्र ह्या वेळीं तो एकट्या तिच्या माथीं नसावा. एका बादलींत स्नान उरकणें, धुण्याचें शेवटचें पाणी फरशीस वापरणें, हीं कामें घरांतील कोणासही जमण्याजोगीं आहेत. आणि गळक्या नळाचा वायसर पुरुषासही बदलतां येतो.