अधिवास मत्स्यालय

अधिवास मत्स्यालय : निसर्गातल्या एका ठरावीक जागेचे पाणी, तळ, वनस्पती आणि मासे यांचा मेळ काचेच्या टाकीत जमवणारे मत्स्यालय. शौकीन मंडळी त्याला ‘बायोटोप टँक’ म्हणतात. टाकी हिरवीगार असली म्हणजे ती या प्रकारात मोडते असे नाही. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केलेले ‘नेचर ॲक्वेरियम’ हा पाण्याखालचा बगीचा आहे. त्यात आफ्रिकेची वनस्पती आणि दक्षिण अमेरिकेचा मासा शेजारी नांदले तरी चालते. इथे तसे चालत नाही. उलट, पालापाचोळा साचलेली, चहासारख्या रंगाच्या पाण्याची आणि एकही वनस्पती नसलेली टाकी अस्सल अधिवास मत्स्यालय ठरू शकते. पाहुण्यांना ती अस्वच्छ वाटते, त्याला इलाज नाही.

बंद टाकीत सजीवांचा समतोल साधता येतो, हे लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली मांडले. त्यांच्या पात्रात गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पाने खाऊन टाकणाऱ्या गोगलगायी होत्या.

अधिवासाची निवड : नवखा माणूस आधी दुकानातला मासा पसंत करतो आणि मग त्याच्यासाठी पाणी शोधतो. सुरुवात नळापासून करावी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ नेग्रो नदीच्या पाण्याचा सामू पुष्कळदा ५च्याही खाली असतो, तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा ९च्या आसपास. एका जागेचा मासा दुसऱ्या पाण्यात काही दिवस तग धरतो, पण त्याला मानवत नाही. घरी धरणाचे मृदू पाणी येत असेल तर सह्याद्रीचा ओढा उभा करणे सोपे. बोअरचे जड पाणी असेल तर रसायने ओतून ते मऊ करण्याचा खटाटोप करू नये. टांगानिकाच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहणारे इवलेसे सिक्लिड मासे अशा पाण्यात सुखाने राहतात.

सह्याद्रीचा ओढा : तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १३० लिटर पाणी मावते. दगडांसह वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून मेज भक्कम हवे आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा हवा. तळाला जाड वाळू, तीवर लहानमोठे गोलसर गोटे टाकावेत. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात दगड बहुतेक बेसॉल्टचा, म्हणून गोटे काळे-करडेच शोभतात. बेसॉल्टने पाण्याचे गुण फारसे बदलत नाहीत. दुकानात मिळणारी पांढरी संगमरवरी खडी मात्र हळूहळू विरघळून पाणी जड करते. शंका आली तर दगडावर ॲसिडचा थेंब टाकावा, फेस आला की तो दगड बाद.

लाकूड आणि पाने वाळलेलीच घ्यावीत, पण झाड ओळखून. देशी बदामाची किंवा जांभळाची गळलेली पाने चालतात. रामेठा आणि गेळ या झाडांचा वापर डोंगरभागात मासे मारण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, तेव्हा त्यांची काटकी टाकीत पडली तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. वनस्पती थोड्याच असाव्यात, वाहत्या ओढ्यात त्या थोड्याच असतात. कासच्या पठारावरचा वायतुरा ही पाणवनस्पती असली तरी ती पावसाळी डबक्यांची आहे. शिवाय तिथून काहीही उपटून आणू नये. फिल्टरचा झोत टाकीच्या लांबीच्या दिशेने सोडला की गोट्यांमधून पाणी वाहते. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. गोट्यांवर शेवाळ आले तर ते घासून काढू नये.

टाकी मुरवणे : नळाचे पाणी अँटी-क्लोरीन घालून भरावे, फिल्टर चालू करावा आणि मासे आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर व गोट्यांवर वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकावे, जिवाणूंना उपाशी ठेवू नये. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आले की टाकी तयार. नव्या टाकीतले मासे पहिल्याच पंधरवड्यात मरतात त्याचे कारण बहुधा रोग नसून ही घाई असते. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने वस्ती मरते, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

मासे : डेनिसन बार्ब, म्हणजे ‘मिस केरळ’, हा पश्चिम घाटाचा सर्वांत देखणा मासा. सह्याद्रिया ही त्याची प्रजाती २०१३ साली स्थापन झाली. पण तो केरळ व दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा आहे, सुमारे १५ सेंटिमीटर वाढतो, थव्याने फिरतो आणि निसर्गात संकटग्रस्त आहे. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. केरळचाच बटूफुगा मासा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, पण संथ पाण्यातला आणि दुसऱ्यांचे पर कुरतडणारा. डोंगर एक असला म्हणून पाणी एक होत नाही. सुरुवातीला डझनभर झेब्रा डॅनिओ घ्यावेत. गंगेच्या खोऱ्याइतकेच ते पश्चिम घाटातल्या ओढ्यांचेही रहिवासी आहेत, आणि मत्स्यशेतीत पैदास केलेले सर्वत्र मिळतात. लांब पराचे रंगीत प्रकार टाळावेत. उड्या मारायची खोड असल्याने टाकीवर झाकण हवेच.

निगा : दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि ओढ्याचे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोनतीन अंशांनी उतरते. वीज जात असेल तिथे बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवावा. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, नदीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतला ‘सकर’ असाच हौशी लोकांच्या टाक्यांतून भारतातल्या नद्या-तलावांत पसरला.

निरोगी झेब्रा मासे पहाटे उजेड झाल्यावर अंडी घालतात. ती गोट्यांच्या फटींत पडतात आणि दोनतीन दिवसांत फुटतात. पिले दिसली नाहीत तर टाकीत दोष शोधू नये. फटीत न पडलेली अंडी आईबापच खातात.