विद्यापीठात लागलेल्या शोधाचा मालक कोण?

समजा, पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नवं उपकरण बनवलं. पेटंट कुणाच्या नावावर होणार? तिच्या, गाइडच्या की विद्यापीठाच्या?

कायद्याच्या नजरेत विद्यापीठ ही एक 'व्यक्ती' आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार राज्यातली सार्वजनिक विद्यापीठं निगम निकाय आहेत. म्हणजे त्यांना स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवता येते, करार करता येतात, कोर्टात जाता येतं. त्यामुळे पेटंटही घेता येतं. याच कायद्यात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यासाठी स्वतंत्र संचालकाचं पद आहे.

पण विद्यापीठ पेटंट घेऊ शकतं, याचा अर्थ शोध आपोआप विद्यापीठाचा होतो असा नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ६ नुसार अर्जाचा पहिला हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा. त्याने हक्क लिहून दिले, तरच दुसऱ्याला अर्ज करता येतो. ब्रिटनच्या १९७७ च्या कायद्यात नोकरीत लागलेला शोध कधी मालकाचा ठरतो, हे स्पष्ट दिलंय. आपल्या पेटंट कायद्यात असं कलमच नाही. म्हणून सगळं करारावर येऊन थांबतं.

करारातल्या दोन-तीन शब्दांनी काय होतं, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला विचारा. तिथल्या एका संशोधकाने हक्क 'देण्याचं मान्य करतो' असं विद्यापीठाला लिहून दिलं होतं. पुढे तो पीसीआर तंत्र शिकायला सीटस या कंपनीत गेला. तिथल्या कागदावर शब्द होते, 'याद्वारे हक्क देतो'. त्यानंतर रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याची पद्धत तयार झाली. स्टॅनफर्डने पेटंट घेतली आणि सीटसचा हा व्यवसाय विकत घेतलेल्या रोशवर दावा ठोकला. संशोधनाला सरकारी पैसा होता, त्यामुळे १९८० च्या बे-डोल कायद्याने हक्क आपलाच, असं विद्यापीठाचं म्हणणं. २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ते फेटाळलं. सरकारी पैसा असला तरी हक्क मुळात संशोधकाचाच, आणि तो लिहून घ्यावा लागतो. एकाचं भविष्यातलं वचन, दुसऱ्याचा तत्काळ व्यवहार. स्टॅनफर्ड हरलं.

बे-डोलच्या धर्तीवर भारतातही २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं. सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क संस्थेला आणि उत्पन्नातला किमान ३० टक्के वाटा संशोधकाला, असा प्रस्ताव होता. २०१४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट फीमध्ये ८० टक्के सवलत मिळते. ऑनलाइन अर्ज ८,००० ऐवजी १,६०० रुपयांत होतो. अर्ज स्वस्त झाला, मालकीचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

सध्या आधार आहे तो शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणाचा. संस्थेचा निधी किंवा सुविधा मोठ्या प्रमाणात वापरल्या असतील, तर मालकी दोघांची संयुक्त. कामाच्या वेळेबाहेर, संस्थेच्या सुविधा न वापरता केलेलं काम पूर्णपणे संशोधकाचं. पण हा कायदा नाही, मार्गदर्शक धोरण आहे. 'मोठ्या प्रमाणात' म्हणजे नेमकं किती, यावरच तर खरे वाद होतात.

प्राध्यापकाला निदान पगार मिळतो. विद्यार्थिनी तर उलट फी भरते, आणि तरी प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण मान्य केल्याचा उल्लेख असू शकतो. तो कागद वाचायची वेळ सही करण्याआधीची.