शोधनिबंध वाचायचा कसा?

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या संशोधनपत्रिकेत छापून आला. छपाईपूर्वी अनामिक परीक्षकांकडून तपासणीची आजची रीत तेव्हा रूढ नव्हती. जाणकारांपुढे वाचन हीच परीक्षा.

जयंतीला आपण या निबंधाचे नाव घेतो. वाचतो किती जण? त्याच्या निष्कर्षाइतकीच त्याची पद्धत मोलाची आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या बाबासाहेब आधी मांडतात, मग एकेक तपासतात. नेसफील्डने परिणामालाच कारण मानले, हे ते दाखवतात. केतकरांना श्रेय देतात. पण जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहबंदी ही त्यांची दोन लक्षणे मुळात एकच, हेही सांगतात. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांचा संबंध ते जातीअंतर्गत विवाहाशी जोडतात. नाव मोठे म्हणून मत मोठे, हे त्यांनी मानले नाही.

पुढे समाजशास्त्राची नियतकालिके वाढली. 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' १९५२ साली निघाले. तज्ज्ञांनी तपासलेला निबंध तोच प्रमाण, असे ठरू लागले. पण हे तज्ज्ञ कोण? ज्यांच्यावर लिहिले जात होते, ते त्यांच्यात क्वचितच होते. लुई द्युमाँने १९६६ साली जात म्हणजे शुद्धाशुद्धतेची उतरंड, असे मांडले. १९७१ साली जेराल्ड बेरेमनने ही ब्राह्मणी दृष्टी असल्याचे म्हटले. १९७४ साली जोन मेंचरने तळाकडून पाहून जातीतले आर्थिक शोषण पुढे आणले. हे दोन्ही निबंध संशोधनपत्रिकांतलेच. म्हणून पत्रिका झिडकारू नयेत, आणि पूजूही नयेत.

निबंध हाती आला की आधी पाहावे : संशोधक कोणत्या गावी गेला, कोणत्या आळीत उतरला, कोणाशी बोलला? तळटीपा आपल्याला मागच्या लेखनाकडे नेतात. त्या निबंधाचा हवाला पुढे कोणी दिला हे शोधले की त्याला मिळालेले उत्तर सापडते. बरेच निबंध आज पैसे मोजल्याशिवाय उघडत नाहीत. तेव्हा विद्यापीठाचे ग्रंथालय गाठावे, नाहीतर लेखकालाच पत्र लिहून प्रत मागावी.

बाबासाहेबांचा निबंध महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात आहे. सुरुवात तिथूनच करावी. ज्या वस्तीवर निबंध लिहिला गेला, त्या वस्तीतल्या पोराने तो वाचून उलट प्रश्न विचारला, की मगच त्याचे परीक्षण पुरे झाले म्हणायचे.